दासनवमी, मठाचं अंगण आणि दोन हजार पानं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गावातल्या रामदासी मठाच्या स्थापनेला यंदा ३५० वर्षं होताहेत. दरवर्षी दासनवमीला, म्हणजे समर्थ रामदासांच्या पुण्यतिथीला, दोनशे पानं उठतात, यंदा दोन हजार माणसं येतील असा अंदाज आहे. अंगणात एका वेळी १२० पानं बसतात. मठपती काकांचं वय झालंय, हाताशी वीस-पंचवीस तरुण आहेत आणि सात आठवडे उरलेत. तुम्ही विचारलंत, ‘सगळं केटररला देऊन टाकावं का?’ शेवटी रंगकाम आणि जुन्या पोथ्यांच्या प्रदर्शनाचाही उल्लेख केलाय. त्यावरही लिहितो, कारण तिथं होणारं नुकसान पुन्हा भरून निघत नाही.

मी सत्तावीस वर्षं सातारा भागातल्या एका मठाची कोठी सांभाळली. अजूनही आसपासच्या मठांतून बोलावणं आलं की जातो. पण अनेक गोष्टी तुमच्या मठाची रीत, गावची माणसं आणि विहिरीचं पाणी यांवर ठरतील. नैवेद्य किती वाजता दाखवायचा, सोवळ्यात काय शिजवायचं, कीर्तन कधी संपवायचं, याचा शब्द मठपतींचाच. मी सांगतो तो फक्त हिशोब आणि त्यामागचं कारण.

तुमची खरी अडचण स्वयंपाक ही नाही. दोन हजार माणसांचा भात चांगला आचारी आरामात शिजवतो. अडचण पंगतीची आहे. एक पंगत म्हणजे पानं मांडणं, वाढणं, श्लोक, जेवण, उठणं, उष्टं काढणं आणि पुन्हा झाडून पुसणं. कितीही घाई केली तरी याला ४५ मिनिटं लागतात. १२० च्या पंगतीने २००० माणसं म्हणजे सतरा पंगती, म्हणजे पावणेतेरा तास. बारा वाजता नैवेद्य झाला तर शेवटची पंगत रात्री पाऊण वाजता उठेल. केटरर आणला तरी अंगण तेवढंच राहणार. म्हणून आधी अंगण आणि घड्याळ बघायचं, मेनू नंतर.

आता यावर जुना उपाय आहे आणि तो मठातच आहे. दासनवमीचा उत्सव एका दिवसाचा नसतोच. माघ वद्य प्रतिपदेपासून नवमीपर्यंत नऊ दिवस चालतो. पूर्वी एकेका दिवसाची पंगत एकेका घराण्याकडे किंवा वाडीकडे असायची. आज कुणाचा दिवस आहे हे गावाला पाठ असायचं. पुढे गाड्या आल्या, सुट्ट्या बघून माणसं यायला लागली आणि सगळी गर्दी नवमीच्या दुपारवर येऊन साचली. तुम्ही ती पुन्हा नऊ दिवसांत पसरवा. आजूबाजूच्या आठ वाड्यांना एकेक दिवस द्या. त्या दिवशी त्या वाडीचं भजन, त्यांचेच वाढपी, त्यांचीच पंगत. मग रोज दीडशे ते दोनशे माणसं होतील, म्हणजे दोन पंगती, आणि त्या तुमच्या अंगणात दीड तासात उठतील. नवमीला सात-आठशे माणसं राहतील. त्यांच्यासाठी शेजारच्या शाळेचं मैदान मागा, एका वेळी २५० पानं बसवा. चार पंगती, तीन तास. बाराला सुरू केलं तर तीनला मोकळे.

हे सांगितलं की प्रत्येक ठिकाणी तरुण मंडळी नाराज होतात. नवमीला मोठी गर्दी दिसली पाहिजे असं त्यांना वाटतं. मलाही त्या वयात वाटायचं. पण वाडीतल्या म्हाताऱ्या बाईला चौथ्या दिवशी निवांत दर्शन मिळून पान वाढलं गेलं, तर तिचा उत्सव नवमीच्या उन्हात दोन तास रांगेत उभं राहण्यापेक्षा कितीतरी चांगला होतो. एक वर्ष करून बघा.

माणसं किती येतील हा आकडा कुठून आणायचा? व्हॉट्सअॅपच्या गटावरून नको. तिथं हात वर करणारे वेगळे आणि येणारे वेगळे. तुमच्याकडे भिक्षाफेरी आहे ना? सज्जनगडाहून समर्थांच्या पादुकांचा भिक्षा दौरा गावोगाव जातो, तशीच तुमच्या मठाची झोळी उत्सवाआधी तीन आठवडे फिरवा. ‘जय जय रघुवीर समर्थ’ म्हणत दारात उभं राहायचं, शिधा घ्यायचा, आमंत्रण द्यायचं आणि दोनच गोष्टी वहीत लिहायच्या: या घरातून किती जण येणार आणि कोणत्या दिवशी. दारात उभं राहून घेतलेला आकडा माझ्या अनुभवात क्वचितच दहा टक्क्यांपेक्षा जास्त चुकलाय. वरच्या दहा टक्क्यांसाठी शिजवलेलं अन्न ठेवू नका, कोरडा शिधा ठेवा. लागला तर अर्ध्या तासात भात होतो आणि उरला तर कोठीत राहतो.

भिक्षेत आलेल्या तांदळाबद्दल एक सावधगिरी. तो दहा घरांचा, दहा जातींचा असतो. त्यात काही नवा, काही जुना. नवा तांदूळ कमी पाण्यात शिजतो आणि लवकर चिकट होतो, जुन्याला पाणी जास्त लागतं. दोन्ही एका आधणात वैरले की निम्मा गिचका आणि निम्मा कच्चा. तो वेगळा ठेवा, पहिल्या दिवसांत मुगाच्या खिचडीला वापरा. नवमीचा तांदूळ एकाच पोत्याच्या जातीचा घ्या आणि आठवडाभर आधी एक किलो शिजवून बघा.

नवमीच्या ८०० पानांचा माझा हिशोब असा. मेनू साधा: भात, आमटी, एक फळभाजी, खपली गव्हाची खीर, चटणी आणि लिंबू. पोळी नाही. शंभर पानांना तांदूळ ९ किलो, तूरडाळ ४ किलो, भाजी १० ते १२ किलो, खिरीचा गहू ३ किलो आणि गूळ साडेतीन ते चार किलो. म्हणजे आठशेला तांदूळ ७२ किलो, डाळ ३२ किलो, गहू २४ किलो. शेतावरची कष्टकरी माणसं जास्त असतील तर तांदूळ शंभराला ११ किलो धरा, लहान मुलं आणि वयस्क जास्त असतील तर ८ पुरतो. गॅस माझ्या हाताला २०० ते २५० पानांमागे १९ किलोचा एक सिलिंडर लागतो, त्यावर एक जास्तीचा ठेवतो. खपली गहू आदल्या रात्री भिजवा, तो शिजायला वेळ घेतो आणि तिथं घाई चालत नाही. गूळ घातल्यावर गरम खिरीत दूध ओतू नका, फाटतं. नारळाचं दूध शेवटी घाला, किंवा साधं दूध वेगळं गरम करून वाढताना वरून द्या.

आता भाताबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली होती. कोठी हातात घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी मी पहाटे चारला सगळा भात शिजवून मोठ्या पातेल्यांत दाबून भरून ठेवला. सगळं वेळेआधी तयार म्हणून समाधान वाटलं. त्या वर्षी कीर्तन लांबलं, पंगती उशिरा बसल्या. शेवटच्या पंगतीला चार वाजता पातेलं उघडलं तेव्हा भाताला आंबूस वास येत होता. आम्ही तो वाढला नाही, दीडशे माणसं चुरमुरे आणि केळी खाऊन गेली. त्यातली काही दहा-बारा कोस चालत आली होती. त्यांचे चेहरे मला आजही आठवतात.

असं का होतं ते समजून घ्या. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळीतही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मोठ्या पातेल्याच्या पोटात भात तासन्‌तास कोमट राहतो, म्हणजे त्यांना हवी तशी जागा मिळते. म्हणून नियम एकच: शिजलेलं अन्न एकतर वाफाळतं, म्हणजे ६० अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर दोन तासांत पानात जायला हवं. हाताने अंदाज घेऊ नका, स्वयंपाकाचा थर्मामीटर आणा, तो महाग नसतो. आणि भात पंगतीगणिक शिजवा. २५० पानांना साडेबावीस किलो तांदूळ, म्हणजे दोन पातेली. पहिली पंगत बसली की तिसऱ्या-चौथ्या पातेल्यात तांदूळ वैरायचा. आमटी सतत उकळत ठेवता येते, भाताला ती सोय नाही. आचाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, कारण त्याला सगळं एकदम उरकून मोकळं व्हायचं असतं.

उपवास करणाऱ्यांसाठी भगर करायची का, असं कुणीतरी नक्की विचारेल. मी करत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातली भगर आणि आमटी खाऊन शेकडो माणसांना त्रास झाला, कित्येकांना उघड्यावर झोपवून दोरीला सलाईन टांगाव्या लागल्या. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, सुट्या भगरीत आणि तिच्या पिठात ते नजरेला दिसत नाही. उपवासवाल्यांना केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि ताक द्या, ते आनंदाने घेतात. महाप्रसाद वाटणाऱ्यांनाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, या आठवड्यात करून टाका.

पाणी मात्र सगळ्याच्या आधी बघा. सज्जनगडावर गेलात तर समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचे हंडे आजही दाखवतात, ज्यांतून ते खालच्या उरमोडी नदीचं पाणी गडावर आणत असं परंपरा सांगते. उत्सवाची तयारी बोलायला लागलो की मला आधी ते हंडे दिसतात. माघ संपत येताना विहिरी खाली गेलेल्या असतात. पिणं, हात धुणं, शिजवणं आणि भांडी घासणं धरून माणशी १० लिटर पकडा, नवमीला ८००० लिटर झाले. दहा हजार लिटरचा एक टँकर आणि तो वेळेत आला नाही तर काय, याचं उत्तर आदल्या दिवशी तयार हवं. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, झाकलेली आणि तोटीची. तिच्यात तांब्या बुडवू द्यायचा नाही, मग तो कुणीही असो.

केटररचा प्रश्न आता घेतो. पूर्ण कंत्राट देऊ नका, पूर्ण अंगावरही घेऊ नका. एक चांगला आचारी आणि त्याचे पाच-सहा मदतनीस पैसे देऊन आणा, भांडी आणि भट्ट्या भाड्याने घ्या. चिरणं, निवडणं, वाढणं आणि उष्टं काढणं आपल्या माणसांनी करावं. ८०० पानांचं आधण उचलणं नवख्या पोरांचं काम नाही, तिथं भाजतं, पाय घसरतो. पण वाढणं परक्यांकडे दिलं की मठातला उत्सव लग्नाच्या हॉलसारखा होतो. वाढप्याने ‘माउली, भात घ्या’ म्हणून वाकणं हा त्या दिवसाच्या उपासनेचाच भाग आहे. ५० पानांमागे सहा वाढपी धरा: भात, आमटी, भाजी, खीर, पाणी, आणि मीठ-लिंबू-चटणीला एक. २५० ला तीस. चारही पंगती त्याच तिसांनी वाढल्या तर तिसऱ्या पंगतीला हात थरथरतात, म्हणून दोन तुकड्या हव्यात. तुमच्याकडे पंचवीस आहेत, उरलेले वाड्यांतून येतील. त्यासाठीही भिक्षाफेरीच्या वहीत एक रकाना ठेवा.

आणि एक मनापासून सांगतो. उत्सवात दासबोधाचं पारायण असतं. त्याचे २०० समास, म्हणजे प्रकरणं, आठ दिवसांत वाचायची तर रोज २५ होतात, आमच्याकडे त्याला अडीच-तीन तास लागत. पोरं कोठीतच अडकतात आणि वाचनाला चार म्हातारी माणसं उरतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून पाळ्या अशा लावा की प्रत्येक सेवेकऱ्याला एक दिवस तरी पूर्ण मोकळा मिळेल. त्या दिवशी त्याने काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत फक्त बसायचं. कुणी कामाला हाक मारली तरी उठायचं नाही. काकड आरती पहाटे असते, तेव्हा ध्वनिवर्धक बंदच ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ त्याला कायद्याने मनाई आहे, आणि टाळ-मृदंगाला त्याची गरजही नसते.

आता वास्तूकडे येतो. भट्ट्या वाड्यात लावू नका, सोप्यातही नको. जुनं लाकूड, वर वाळलेला पाचोळा आणि जुनी वायरिंग, ठिणगीला एवढं पुरतं. नैवेद्याचा स्वयंपाक नेहमीच्या चुलीवर, मोठा स्वयंपाक शाळेकडच्या मांडवात, शेजारी वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक. माडीवर कीर्तनाला माणसं बसवायची असतील तर आधी एखाद्या जाणत्या अभियंत्याला तुळया दाखवा. दाखवता आल्या नाहीत तर जिना दोरी बांधून बंद करा.

रंगकामाबाबत कळकळीची विनंती आहे. लाकडी खांबांना आणि दगडाला ऑइलपेंट लावू नका. दगड आणि जुन्या भिंती ओल बाहेर टाकतात. वर रंगाचा पापुद्रा आला की ओल आत कोंडते आणि दगड पोपडे धरून सुटतो. भिंतींना चुन्याची सफेदी द्या, लाकूड कोरड्या फडक्याने आणि मऊ ब्रशने साफ करा, जवसाचं तेल हलक्या हाताने लावा. कोरीव काम यंत्राने घासू देऊ नका, कारागिराने कितीही आग्रह केला तरी.

पोथ्यांचं प्रदर्शन मांडायच्या आधी साफसफाईत काही जाणार नाही ते बघा. रामदासी मठांत बाडं, म्हणजे जुन्या हस्तलिखितांचे गठ्ठे, असतात, फडताळात, माळ्यावर, कधी धान्याच्या कणगीमागे. उत्सवाच्या साफसफाईत ‘जुने कागद’ म्हणून ती नदीत सोडल्याचं मी ऐकलंय, आणि एकदा वाळवी लागलेला गठ्ठा चुलीत जाताना स्वतः थांबवलाय. रामदासी साहित्याचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्याला १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली, मठामठांतून फिरून अशी बाडं गोळा केली, पुढे १९३५ मध्ये ती जपणारं समर्थ वाग्देवता मंदिर तिथं उभं राहिलं. त्यांना जे मिळालं ते वाचलं. तुमच्या मठात जे उरलंय ते तुमच्या हातात आहे. माळा झाडण्याआधी दोन माणसं नेमा. मिळेल तो प्रत्येक कागद फोटो काढून धुतलेल्या सुती कापडात बांधा. सेलोटेप नको, लॅमिनेशन अजिबात नको, उन्हात वाळवणंही नको. प्रदर्शनात मोठे छापील फोटो लावा. मूळ बाड एखादंच, सावलीत, काचेखाली, आणि शेजारी सतत एक माणूस.

आणखी काही गोष्टी भराभर सांगतो. थर्माकोलच्या ताटांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून पळसाच्या किंवा सुपारीच्या पत्रावळी आत्ताच सांगून ठेवा, ऐन वेळी मिळत नाहीत. देणग्यांना पावती प्रत्येकाला, पाच रुपयांनाही. पोलीस ठाण्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा.

उरलेल्या अन्नाबाबत मात्र थांबून सांगावं लागेल. उष्टा आणि उरलेला भात जनावरांना घालू नका. आमच्याकडे एका शेजाऱ्याची गाय उघड्या ठेवलेल्या पातेल्यातला भात पोटभर खाऊन दुसऱ्या दिवशी मेली. शिजलेला भात जनावराच्या पोटात फार लवकर आंबतो, आम्ल वाढतं आणि रवंथ बंद पडतो. प्रसाद म्हणून लोक प्रेमाने गाईपुढे पाटी रिकामी करतात, त्यांना अडवायला एक माणूस ठेवा. आधीच खड्डा खणा, थरावर माती टाका. पावसाळ्यापर्यंत चांगलं खत होतं.

तर सात आठवड्यांचा क्रम असा लागेल. या आठवड्यात मठपती काकांसमोर बसून नऊ दिवसांची वाटणी ठरवा, शाळेचं मैदान आणि नोंदणी उरका. पुढचे दोन आठवडे बाडं, साफसफाई आणि चुना. मग तीन आठवडे भिक्षाफेरी, तिच्या वहीवरून शिधा आणि वाढपी. शेवटच्या आठवड्यात एक दिवस पन्नास पानांची खरी पंगत बसवून बघा, घड्याळ लावून. कुठं अडतं ते तिथंच कळेल. बहुतेक पाणी वाढणारा कमी पडतो.

दशमीला भांडी मोजून परत केल्यावर सेवेकऱ्यांची पंगत ठेवा. आमच्या मठात त्या दिवशी मठपती स्वतः वाढायचे आणि नऊ दिवस राबलेल्या पोरांच्या पानात खीर दोनदा पडायची.

एक काम उद्याच करा. शाळेचं मैदान आणि तुमचं अंगण फितीने मोजा, झाडं, पार आणि दारं कुठं आहेत ते कागदावर काढा. बसलेल्या माणसाला दोन फूट रुंदी लागते, समोरासमोरच्या दोन ओळींत वाढप्याला चार फुटांची वाट लागते, म्हणजे २५० पानांना येण्याजाण्यासकट साधारण ३००० चौरस फूट. मापं इथं टाका, ओळी मी आखून देतो.